भिडस्त घराणं

१

शाळेतून घरी आले की मी आधी पाय धुवायची. गोव्यातल्या आमच्या आमोणे गावात कुठलीही बाई हेच करते. खनिजाचे ट्रक दिवसभर नदीच्या धक्क्याकडे धावतात, आणि त्यांची तांबडी धूळ पायांना, साडीच्या काठाला, वाळत घातलेल्या सुंगटांना, म्हणजे कोळंबीला, एवढंच काय, देव्हाऱ्यातल्या देवांनाही सोडत नाही. पाय धुतले की मोरीत तांबडं पाणी वाहायचं. मग चहा, मग देवापुढे दिवा, मग भाताचं आधण. दिवसभर चौथीच्या पोरांपुढे उभी राहून पोटऱ्या भरून यायच्या, पण बसायचं कधी, हा प्रश्न मी स्वतःला विचारायचं केव्हाच सोडून दिलं होतं.

माझे यजमान शिवदास धक्क्यावर मुकादम होते. बार्जींत, त्या सपाट मालवाहू बोटींत, खनिज भरताना उभं राहून देखरेख करायची, हे त्यांचं काम. ते माझ्याआधी घरी पोचायचे, आंघोळ उरकायचे आणि सोप्यावर जाऊन बसायचे. सोपो म्हणजे दारापुढचा, पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना बांधलेला कट्टा. आमच्याकडे माणसाचं अर्धं आयुष्य त्या कट्ट्यावर जातं. येणारा-जाणारा तिथेच टेकतो, गावच्या बातम्या तिथेच कळतात, सोयरिकी तिथेच जमतात आणि मोडतात.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यातली ती संध्याकाळ. मी चहा आणि पोदेराकडचा उंडो, गोल पाव, घेऊन बाहेर आले. हे कट्ट्याच्या मधोमध बसले होते. मी उंबऱ्यात असतानाच ते सरकले. एसटीत कुणी शेजारी येऊन उभं राहिलं की आपण सरकतो ना, तसे. आधी लुंगीचा घोळ आवरला, मग हातभर अंतर सोडून बसले आणि पुन्हा समोर बघू लागले.

"कोण आयलो?" मी विचारलं.

"खंय? कोण ना."

"मगीर सरल्यात कित्याक?"

"हांव?" त्यांना खरंच नवल वाटलं. "ना गो. हांव हांगाच बसलां."

माझ्यासाठी सरकले असतील, असं मी स्वतःला सांगितलं. पण मी त्यांच्या उजव्या हाताला होते, आणि त्यांनी जागा केली होती ती डावीकडे. शिवाय लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्यासाठी कोण सरकतंय?

२

ह्या घराण्यातले पुरुष भिडस्त. सोयरीक ठरवताना माझ्या बाबांनी हेच तर हेरलं होतं. "सुमंगला, त्या घरात आवाज चढायचा नाही," असं ते म्हणाले होते, आणि ते शब्दशः खरं ठरलं. आमच्या लग्नात नवऱ्याच्या पाटावर कुणाचा तरी म्हातारा मामा चुकून जाऊन बसला, तर हे मुंडावळ्या बांधून बाजूला उभे. म्हाताऱ्याला ऊठ म्हणवेना. शेवटी भटजींनी उठवलं. मांडवात हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. मीही हसले होते.

सासरे, मामंजी, तसेच. आपल्या पायावर कुणी पाय दिला तर आपणच माफी मागायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांचं सरकणं सुरू झालेलं होतं, पण मला ते सरकणं आहे हे कळायला वेळ लागला. म्हातारा माणूस, सोप्यावर एका कडेला बसतो, बसेना. मग ते कट्ट्याच्या अगदी टोकाला बसू लागले, अर्धी मांडी अधांतरी. मग खाटेवर कडेला झोपायला लागले. मग झोपेनातच, खाटेच्या कडेवर बसून राहायचे. शेवटी शेवटी बसणंही सुटलं. दिवसभर दाराच्या चौकटीला टेकून उभे. "मामंजी, बसा," म्हटलं की ओशाळं हसायचे आणि कट्ट्याकडे बघायचे. रिकाम्या कट्ट्याकडे. जसं काही म्हणायचं असावं, दिसतंय ना तुला, बसू कुठे?

एका सकाळी ते घराबाहेर पडले. दुपारी सापडले ते जुन्या खाणीच्या खंदकात साचलेल्या पाण्यात. नजर अधू झाली होती, पाय घसरला असेल, असं सगळे म्हणाले. मीही तसंच म्हटलं. मात्र तेराव्याला आलेल्या एका म्हाताऱ्या सोयऱ्याने सहज सांगितलं की मामंजींचा बापूसही शेवटी उभाच असायचा. त्याने ते कौतुकाने सांगितलं. कुणाला कसलं कौतुक वाटेल याचा नेम नाही.

म्हणून हे सरकले ती संध्याकाळ मी विसरू शकले नाही. त्या रात्री भाताला मीठ घातलं की नाही, तेही मला आठवेना.

३

शेजारच्या यशोदेपाशी मी एकदा बोलून गेले. ती मासळी निवडत होती. तिने मान वर न करताच सांगितलं, "खाण तशी माती गो. बापायचें तेंच पुताचें."

खाणीच्या गावात ही म्हण जरा जास्तच चालते. पण माझ्या मनात बाप आणि पूत एवढेच नव्हते, नातूही होता. माझा मुलगा गुरुदास. तेव्हा तिसरीत होता. वर्गात कुणी त्याची पेन्सिल घेतली तर परत मागायला त्याची जीभ रेटायची नाही. आजवर मला त्याचं कौतुक वाटायचं. आता तो कुठे बसला की मी आधी त्याच्या शेजारची जागा बघायची.

मी शिक्षिका. देवदेवस्की, कौल, प्रसाद, ह्या वाटेला मी जात नाही. मी साधा विचार केला. दरवर्षी मी मुलांना मूग पेरून दाखवते. एक वाटी उन्हात ठेवायची, एक कपाटात. मूग त्याच पिशवीतले, पाणी तेवढंच. उन्हातले हिरवेगार, आखूड, कपाटातले लांबुळके, पांढरे फटफटीत. बी एकच, जागा दोन. मूल म्हणजे तरी काय वेगळं? रक्त बदलणं माझ्या हातात नव्हतं. जागा बदलणं होतं.

माझी थोरली बहीण भागीरथी मोप्याला राहते, पेडण्याच्या वर, सड्यावर. मोकळं माळरान, काजूची झाडं, भन्नाट वारा, आणि घरात दोन दांडगट पोरं, जी कुणालाही जागा देणार नाहीत. मी ठरवलं, गुरुदासला तिथे ठेवायचं. तिथलीच शाळा, तिथलंच पाणी.

ह्यांना विचारलं तेव्हा एका शब्दाने विरोध केला असता तर मला बरं वाटलं असतं. एकुलता एक मुलगा घरातून चाललाय, बाप काहीतरी बोलेल की नाही?

"तुका दिसता तशें कर," म्हणाले, आणि थोडे सरकले.

४

घर रिकामं रिकामं वाटू लागलं म्हणून पुढच्या अंगाची खोली मी भैरूला भाड्याने दिली. भैरू चंदगडकडचा, खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. भीड कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं. आला की सोप्यावर एक पाय इकडे, एक पाय तिकडे टाकून बसायचा. "वैनी, च्या टाका की," असं सांगून मोकळा. माझ्या यजमानांच्या ताटातला तळलेला बांगडा त्याने एकदा विचारूनही घेतला नाही, सरळ उचलला. ह्यांनी ताट त्याच्याकडे सरकवलं.

त्याला ठेवण्यात माझा आणखी एक हेतू होता, तो मी कुणाला सांगितला नाही. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधून बघायचा होता. भैरूचं ह्या घराशी रक्ताचं नातं नाही. त्याला काही झालं नाही, तर हे रक्तातलं. झालं, तर घरातलं. स्वतःच्या मुलासाठी मी परक्या माणसावर प्रयोग करत होते, हे कळत नव्हतं असं नाही. पण दमलेल्या माणसाला पापपुण्य फार वेळ धरून ठेवता येत नाही.

पावसाळा गेला, चतुर्थी झाली. भैरू तसाच ऐसपैस. ह्यांचं मात्र वाढत चाललं होतं. एका रविवारी दुपारी जेवून आम्ही आडवे झालो. हे खाटेच्या कडेला, इतके कडेला की एक हात खाली लोंबत होता. मी भिंतीकडे. आणि आमच्या मध्ये एका माणसापुरती जागा. मी तिथे हात ठेवला. गादी गरम होती. लगेच मनाशी म्हटलं, दुपार आहे, पत्रा तापलाय, सगळंच गरम आहे. मग माझ्या अंगाखालची गादी चाचपून बघितली. ती एवढी गरम नव्हती. मी उठले आणि भांडी घासायला बसले.

म्हापशाच्या डॉक्टरांनी तपासलं. रक्तदाब ठीक, हृदय ठीक. "थोडे भिडस्त आहेत का?" डॉक्टरांनी हसून विचारलं, कारण हे खुर्ची असूनही उभेच होते.

डिसेंबरात राजभाषा मराठी की कोंकणी, ह्यावरून रान पेटलं. रस्त्यात झाडं आडवी पडली, गाड्या बंद, शाळा बंद. घरात कोंकणी, शाळेत मराठी, कचेरीत इंग्रजी, असं आजवर निमूट चाललेलं आता एकमेकांच्या उरावर बसलं. माझ्या शाळेतल्या बाया एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. मला मोप्याला जाता येईना, एवढंच माझ्यापुरतं दुःख. भैरूही ट्रक बंद म्हणून दिवसभर घरी.

एका संध्याकाळी मी जनेल उघडून बाहेर बघितलं. भैरू सोप्यावर पाय पसरून विडी ओढत होता. त्याने पाय जवळ घेतले. विडी दुसऱ्या हातात घेतली. आणि सरकला.

मी बाहेर धावले. "भैरू, काय झालं?"

"कुटं काय?" तो माझ्याकडे बघून हसला, मग शेजारी बघितलं, आणि हसू तोंडावर तसंच राहिलं. "कोन हुतं वो वैनी?"

"कुठे?"

"आत्ता आलं न्हवं बसायला? मी जागा दिली की." त्याने डोकं खाजवलं. "आयला, मी कवा कुनाला जागा दिलीया?"

रस्ते सुटले त्या दिवशी त्याने वळकटी बांधली. भांडण नाही, तंटा नाही. मालकाने धक्क्याजवळ खोली दिली म्हणाला. जाताना सोप्यावर न टेकता सरळ पायऱ्या उतरला.

पुढे महिन्याभराने तो मला डिचोलीच्या बाजारात दिसला. ट्रकच्या केबिनमध्ये दोन्ही हात पसरून बसला होता. क्लीनर बिचारा दाराला चिकटलेला. मला बघून ओरडला, "वैनी, बऱ्या हाय न्हवं?" घर सुटलं आणि त्याचं सरकणं सुटलं होतं. मी बाजारात, भर गर्दीत, पदर तोंडाला लावून रडले. आनंदाने रडले. दोष घराचा होता. रक्ताचा नव्हता. माझा गुरुदास सुटला होता.

५

मी डिचोलीला एक खोली बघितली. दोन माणसं आणि एक मूल नीट राहतील एवढी. मालकीण सुमन म्हणून एक बाई होती, तिला मार्चअखेर येतो असं सांगितलं. ह्यांना म्हटलं, आपण हे घर सोडूया.

"बरें. वचूंया," म्हणाले. हे तेव्हा उभेच असायचे. जेवायचेही उभ्याने, ताट हातात घेऊन. मी त्यांचा हात धरून बळंच खाली बसवायची, तर बसल्या बसल्या मागे सरकत भिंतीला जाऊन टेकायचे, आणि मग भिंतीतही जागा नाही म्हणून पुन्हा उभे राहायचे. रागावले, रडले, शपथा घातल्या. त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल माया होती, आणि त्याहून मोठी काहीतरी लाज होती. पाहुण्यांसमोर बायको भांडली की होते ना, तशी.

शिगम्याचे दिवस होते. गावात ढोल वाजत होता. मी म्हटलं, हललात तर बघा, चहा आणते. चूल पेटवून, चहा गाळून बाहेर येईपर्यंत हे नव्हते. जाताना दार ओढून घेतलं होतं, हळू, आवाज होऊ न देता. चपला एका बाजूला नीट लावून ठेवलेल्या.

नदीने त्यांना नार्व्याच्या बाजूला नेऊन सोडलं होतं. बार्जीवरच्या लोकांनी आणलं.

माणसं दुःखाने जीव देतात, आजाराला कंटाळून देतात. माझा नवरा भिडेपायी गेला. मला राग आला. अजून येतो. कुणाचा, ते मला सांगता येत नाही, आणि म्हणून तो उतरतही नाही.

गुरुदासला अग्नी देण्यापुरतं आणलं. त्याला मी त्या घरात पाणीही पिऊ दिलं नाही. मांडीला मांडी लावून बसवला आणि डोळ्यांत तेल घालून बघत राहिले. तो हलला नाही. माझ्या खांद्याला टेकून नुसता बसला होता. भागीरथी त्याला त्याच संध्याकाळी परत घेऊन गेली. लोक नावं ठेवत होते, ठेवू देत.

धक्क्यावरचा सखाराम ह्यांच्याबरोबर बरीच वर्षं होता. तो माझ्यापाशी येऊन रडला. म्हणाला, "बाय, धक्क्यार लेगीत तो हालीं कोणाक तरी वाट दितालो."

धक्क्यावरसुद्धा. घरापासून इतक्या लांब. मी ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. रडणारा माणूस काहीही बोलतो.

६

मे संपत आला तेव्हा मी मोप्याला गेले. शाळेचं वर्ष संपलं होतं, घराला कुलूप लागलं होतं, डिचोलीच्या खोलीत दोन ताटं आणि दोन वाट्या मांडून ठेवल्या होत्या. मुलाला घेऊन यायचं, नव्या शाळेत घालायचं, एवढंच उरलं होतं. वाटेत पेडण्याच्या बाजारात कुणी रेडिओ मोठ्याने लावला होता. गोवा आता राज्य होणार, लोक एकमेकांना लाडू देत होते. मलाही एक मिळाला. नवीन काही सुरू होतंय, असं मलाही क्षणभर वाटलं. लाडू मी गुरुदाससाठी रुमालात बांधला.

पोचले तेव्हा उन्हं कलली होती. भागीरथीची पोरं काजूच्या झाडांकडे उंडारायला गेली होती. गुरुदास पुढच्या सोप्यावर एकटाच बसून काजूच्या बिया निवडत होता. मला बघून हसला, पण धावत आला नाही. मोठा होत चाललाय, म्हटलं. त्याच्या केसांतून हात फिरवला आणि आत गेले.

भागीरथी चुलीपाशी होती. माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि कौतुक सुरू केलं.

"गुणी हा गो तुजो झील. कोण इलो की सरता, बसाक जागा दिता. आमच्या रेड्यांका सांगान सांगान माजी जीभ झिजली."

मी तांब्या खाली ठेवला. "हयसर कोण येता, ताय?"

"येतत गो माणसां. शेजारीपाजारी." तिने भाकरी उलटली. मग तिचा हात थांबला. "तसो कोण नसलो तरी सरता कधी कधी. माका वाटता, सवय ती. तूच लायलेली मां?"

मीच लावलेली. ते खरं होतं. गुरुदास नुकता बसायला शिकला तेव्हापासून मी त्याला सांगत आले होते. कोण आला की सर. बूड हलव. माणसाला जागा दे. शाळेतही दिवसभर माझ्या तोंडी तेच. बाकं कमी, मुलं जास्त, "सरकून घ्या रे, सरकून घ्या." चांगल्या वळणाचं पोर व्हावं म्हणून शिकवलं. भैरूला असं कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून तो ट्रकमध्ये जाऊन सुटला. माझ्या मुलाच्या अंगात रक्त त्यांचं होतं आणि वळण माझं. घर तेवढं मी मागे ठेवून आले होते. बाकी सगळं त्याच्या कपड्यांच्या पिशवीबरोबर स्वतःच मोप्याला पाठवलं होतं.

"ताय, कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे? इल्यापासून," भागीरथी म्हणाली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "गो, काय झालां तुका?"

७

मी बाहेर आले. गुरुदास कट्ट्याच्या टोकाला होता. मघाशी मी आले तेव्हाही तो टोकालाच होता, आणि मला ते दिसलं नव्हतं. बिया निवडायला ऐसपैस जागा लागते. पण त्याने सूप मांडीवर घेतलं होतं, कोपर अंगाशी आवळून. त्याच्या शेजारी चटईवर एका माणसापुरती जागा रिकामी होती. त्यापलीकडे अख्खा कट्टा.

मी त्या रिकाम्या जागेकडे गेले.

"आई, थंय न्हय," तो हळूच म्हणाला.

"का? कोण बसतं इथे?"

त्याने विचार केला. खोटं बोलणारं पोर नव्हे ते. "खबर ना. पूण सरूंक जाय न्हय?"

मी तिथेच बसले. मांडी घालून, पदर खोचून, चांगली पसरून बसले. मला भीती वाटत नव्हती म्हणाल तर खोटं, पण भीतीपेक्षा मी दमले होते. ह्या घराण्यातले पुरुष उठले, कारण ते भिडस्त होते. मी भिडस्त नाही, मी थकलेली आहे. जन्मभर उभी राहिले आहे. आता कुणीही येवो, मी उठणार नाही. गुरुदासला मी अंगाशी ओढून घेतलं. माझ्या एका बाजूला माझा मुलगा, आणि दुसऱ्या बाजूला मी हात रोवून ठेवला. मध्ये कुणाला शिरायला फट नव्हती.

बराच वेळ काही झालं नाही. सड्यावरून वारा येत होता. आत भागीरथीची बांगडी परातीला लागत होती. उन्हाची एक तिरीप माझ्या मांडीवर पडली होती, ऊबदार. किती दिवसांनी मी अशी नुसती बसले होते. डोळे मिटायला लागले.

मांडीवरची ऊब गेली.

मी बघितलं. तिरीप भिंतीवर होती, पायरीवर होती, गुरुदासच्या सुपातल्या बियांवरही होती. माझ्या गुडघ्यांवर तेवढी नव्हती. एसटीत उभा असलेला माणूस आपल्या गुडघ्यांशी येऊन थांबतो आणि आपण मान वर करत नाही, कारण वर केली की उठावं लागेल. मी मान वर केली नाही. दात आवळले. मनात म्हटलं, उभा राहा. माझा नवरा उभा राहिला, सासरा उभा राहिला. आज तू उभा राहा. मी दमलेय.

ते उभं राहिलं. आणि मला जाणवलं की तेही दमलेलं होतं. कसं कळलं, विचारू नका. दिवसभर उभं राहिलेल्या माणसाचं उभं राहणं मला कळतं, बस्स. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर जातो, तसं उन्ह माझ्या मांडीवर थोडं आलं आणि पुन्हा गेलं.

गुरुदास चुळबुळला. माझ्या हाताखालून निसटला. मी त्याचं मनगट धरलं, पण घामाने हात ओला झाला होता. तो उठला, सूप छातीशी धरलं, आणि कट्ट्यावरून खाली उतरून पायरीवर उभा राहिला. मी त्याला शिकवलं होतं तसा, मान थोडी खाली घालून.

"तुमी बसात," तो म्हणाला. माझ्याशी नाही.

"गुरुदास, बस! बस म्हणते ना खाली!" मी ओरडले असं मला वाटलं. ओरडले नव्हते. परक्यासमोर घरात आवाज चढवायचा नाही, हे माझ्याही तोंडात इतकं बसलेलं, की नुसते ओठ हलले.

माझ्या गुडघ्यांवर ऊन परत आलं. शेजारी, माझा मुलगा बसला होता तिथे, चटईचा वर वळलेला काठ हळूच खाली दबला.

गुरुदास पायरीवर उभा राहून माझ्याकडे बघत होता. आईला बसायला नीट जागा मिळाली की नाही, तेवढंच बघत होता. त्याला हाक मारायला मी तोंड उघडलं. आणि त्याआधीच माझ्या हाताने पदर आवरला होता, आणि शेजारच्याला अडचण होऊ नये म्हणून मी थोडी सरकले.